एअर डेक्कन नेमकी कशानं बुडाली?

आर्टिकल_ताराबाईपार्क

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एका सीए ऑफिसात आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करतोय. परवा चहाला बसलो असताना विषय निघाला एअर डेक्कन या स्वस्त विमान कंपनीचा. आमचे सीनियर म्हणाले, "एक रुपयात तिकीट विकणारी कंपनी बुडणार नाही तर काय होणार?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलेलं नाही.

ज्या कंपनीकडं २००७ मध्ये चाळीसच्या वर विमानं होती, साठच्या वर गावांना जी जात होती, जिचा २६ टक्के हिस्सा किंगफिशरवाल्या विजय मल्ल्यांच्या ग्रुपनं ५५० कोटी मोजून घेतला, ती नुसत्या एक रुपयाच्या तिकिटानं कशी संपेल? आणि तोट्यातच होती, तर एवढे पैसे देऊन घेतली कशाला?

शिवाय आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर २०१८ मध्ये मुंबईचं विमान आलं त्यावरही एअर डेक्कनच लिहिलेलं होतं म्हणे. मग ही बुडालेली कंपनी परत आली कुठून? कंपनी सुरू झाली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, त्यामुळं ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी जरा सविस्तर सांगा. इंटरनेटवर तारखा मिळतात, कारणं मिळत नाहीत.

कृष्णाकाठ_सांगली

मोजकं सांगतो. ऑगस्ट २००३ ला सुरू झाली, बंगळूर-हुबळी वगैरे मार्गांवर. मालक कॅप्टन जी. आर. गोपीनाथ. मे २००६ मध्ये शेअर बाजारात आली. २००७ च्या मध्याला मल्ल्यांनी हिस्सा घेतला, त्याच वर्षी नाव बदलून 'सिम्प्लिफ्लाय डेक्कन' झालं आणि ऑगस्ट २००८ मध्ये 'किंगफिशर रेड'. म्हणजे एअर डेक्कन या नावाचं आयुष्य जेमतेम चार-पाच वर्षांचं. पुढं सप्टेंबर २०११ मध्ये मल्ल्यांनी रेडसुद्धा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये अख्खी किंगफिशर जमिनीवर आली.

पण तुमच्या सीनियरचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. खर्चापेक्षा कमी भावात माल विकला की दुकान बंदच होतं, मग ते विमानाचं असो नाहीतर भाजीचं.

दाभोळकर_कॉर्नर

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळं लांबेल. माझं दाभोळकर कॉर्नरजवळ बुकिंगचं दुकान होतं. आधी लक्झरीची आणि रेल्वेची तिकिटं करायचो, डेक्कन आल्यावर विमानाची करायला लागलो. आता पुतण्या बघतो.

एक रुपयाचं तिकीट आधी निकालात काढतो. डेक्कनच्या एअरबसमध्ये १८० सीट. त्यातल्या मोजक्याच सीट त्या भावाच्या, त्याही फार आधी बुक करणाऱ्याला, आणि वर विमानतळाचं शुल्क दोनशे-सव्वादोनशे रुपये वेगळं. त्या संपल्या की पुढच्या काही सीट पाचशेच्या, मग सातशे, मग हजार, आणि उद्या जायचंय म्हणणाऱ्याला तीन-चार हजार. एकट्या तिकिटाचा भाव धरून कंपनीचा हिशेब होत नाही, अख्ख्या विमानाची सरासरी काढायची. तुम्ही सीएच्या ऑफिसात आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

आमच्या गिऱ्हाइकांना मात्र सांगावं लागायचं. हुपरीचे एक चांदीवाले यायचे, पैंजणाचा माल दक्षिणेत द्यायचे आणि वसुलीला स्वतः फिरायचे. माझ्याकडं तेव्हा डायलअप. मोडेम किरकिरत जोडला जायचा, पान वरून खाली हळूहळू उघडत यायचं, आणि गिऱ्हाईक स्टुलावर बसून स्क्रीनकडं बघत असायचं. त्यांना पुणे-बंगळूर सातशेला दिसलं. "थांबा, भावाला विचारतो" म्हणून त्यांनी फोन लावला. बोलणं होईपर्यंत मी पान परत उघडलं, तर अकराशे. ते स्क्रीनकडं बघतात, माझ्याकडं बघतात. त्यांना वाटलं मीच मध्ये काहीतरी चढवलं. भाव दुकानदार वाढवत नाही, सातशेच्या तेवढ्याच सीट होत्या आणि त्या दुसऱ्या कुणीतरी नेल्या, हे समजवायला अर्धा तास गेला. पुढच्या खेपेला भावाला विचारूनच आले आणि महिनाभर आधी आले. विमानाचं तिकीट आधी काढलं की स्वस्त पडतं, हे आज शेंबडं पोरगं सांगतं. आमच्या भागात ते माणसांच्या गळी उतरवलं ते डेक्कननं.

आता माणसाबद्दल. गोपीनाथ मूळचे हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. सैन्यात होते, १९७१ चं युद्ध बघितलेले. तरुणपणीच नोकरी सोडून गावाकडं शेती केली, रेशीम केलं, ते सुद्धा रासायनिक खत न वापरता. मग जोडीदाराबरोबर हेलिकॉप्टर भाड्यानं देण्याची कंपनी काढली, डेक्कन एव्हिएशन. तिच्याच पोटातून एअर डेक्कन आली. बाप-आजा विमान कंपनीतला नाही, कुठल्या मोठ्या घराण्याचा पैसा पाठीशी नाही. मला या माणसाबद्दल आदर आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

सुरुवात किती अवघड होती बघा. सुरू होऊन महिनाभरच झाला असेल, हैदराबाद-विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाच्या फेरीत उड्डाणाच्या वेळीच इंजिनाला आग लागली. आत भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष वेंकय्या नायडू. सगळे सुखरूप उतरले, पण देशभर बातमी झाली. दुसऱ्या कुणी गाशा गुंडाळला असता.

त्यांचं पहिलं विमान होतं एटीआर ४२, पंख्याचं, ४८ सीटचं. पुष्कळांना वाटतं की पैसे नव्हते म्हणून लहान विमानं घेतली. त्यामागं हिशेब होता, आणि माझ्या मते डेक्कनची सगळी हुशारी त्या हिशेबात होती. आपल्याकडं विमानाच्या इंधनावर राज्य सरकारं विक्रीकर लावतात, काही राज्यांत तो पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत. पण लहान पंख्याच्या विमानाला दिलेल्या इंधनावर तो तेव्हा चारच टक्के होता. शिवाय ऐंशीपेक्षा कमी सीटच्या विमानाला विमानतळावर उतरण्याचं भाडं माफ. धावपट्टी आखूड असली तरी चालतं. म्हणजे हुबळी, बेळगाव, विजयवाडा, राजमहेंद्री अशा गावांना, जिथं मोठी कंपनी ढुंकून बघत नव्हती, तिथं ही विमानं कमी खर्चात जात होती, आणि शेजारी स्पर्धक कुणीच नाही.

बाकीची काटकसर तर सगळ्यांना दिसायची. जेवण नाही, पाणी हवं तर विकत. सीट नंबर नाही, दार उघडलं की चढायचं आणि मिळेल तिथं बसायचं, आपल्या एसटीसारखं. चकचकीत तिकिटाचं पुस्तक नाही, साध्या कागदावरचं प्रिंटआउट. सुरुवातीला लोक तो कागद हातात घेऊन विचारायचे, "एवढ्यावर आत सोडतील?" पेट्रोल पंपावरसुद्धा तिकीट मिळायची सोय केली होती. आणि जाहिरातीत कुणी नटी नाही, तर आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, धोतर आणि चौकटीचा कोट. ते चित्र मी दुकानाच्या काचेला लावलेलं. आमच्या दुकानात येणारा माणूस तसाच दिसायचा हो. इचलकरंजीचा यंत्रमागवाला, शिरोलीचा फाउंड्रीवाला, तीर्थयात्रेला निघालेलं म्हातारं जोडपं. विमान कंपनीनं जाहिरातीत आपल्यासारखा माणूस ठेवला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते २००४-०५ मध्ये. त्यांनी मोठ्या एअरबस ३२० आणल्या आणि दिल्ली-मुंबई-बंगळूरसारख्या मोठ्या मार्गांवर उतरले. तिथं इंधनावरचा कर पूर्ण, उतरण्याचं भाडं पूर्ण, आणि समोर बलाढ्य कंपन्या. त्यातच २००५ च्या मे महिन्यात किंगफिशर आली आणि स्पाइसजेट आली, नोव्हेंबरात गोएअर, २००६ च्या ऑगस्टमध्ये इंडिगो. दीड वर्षात एवढ्या कंपन्या आल्या की माणसांपेक्षा सीट जास्त झाल्या. प्रत्येक जण विमान भरण्यासाठी भाव पाडायचा. स्वस्त विकणं हा डेक्कनचा खास गुण होता, तो आता सगळ्यांचाच झाला.

आणि नेमक्या त्याच वेळी डेक्कनचा वाढीचा वेग कमी झाला नाही. २००५ मध्ये एटीआर ७२ ची एकदम ३० विमानांची ऑर्डर दिली, एअरबस वेगळ्या. विमान आलं की त्याचं भाडं डॉलरमध्ये सुरू, उडो अगर न उडो. वैमानिक देशात पुरेसे नाहीत, प्रत्येक कंपनी दुसरीचे पळवतेय, त्यामुळं पगार वाढताहेत. दर महिन्याला नवीन गाव, नवीन कर्मचारी, नवीन ऑफिस. गाव नवीन असलं की पहिले काही महिने विमान अर्धं रिकामंच जाणार, तोपर्यंत तोटा सोसायला गाठीला पैसा लागतो. तो नव्हता.

मे २००६ मध्ये शेअर विकायला काढले आणि तेव्हाच सेन्सेक्स कोसळला. मुदत वाढवावी लागली, भाव उतरवावा लागला, तेव्हा कुठं इश्यू कसाबसा भरला. माझा अंदाज असा की तो इश्यू दोन महिने आधी आला असता आणि दणक्यात भरला असता, तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. पैसा कमी पडला आणि तोटा मात्र शेकडो कोटींत चाललेला.

त्यामुळं भावा, सीनियरना सांगा, एक रुपयाच्या तिकिटानं डेक्कनला गिऱ्हाईक दिलं. तिला खाल्लं ते वाढीच्या घाईनं, तेही आपलं हक्काचं लहान गावांचं राज्य सोडून मोठ्यांच्या आखाड्यात उतरून. मल्ल्यांनी का घेतली ते उद्या लिहितो, आज बोटं दुखायला लागली.

कृष्णाकाठ_सांगली

काका, छान लिहिलंय. पण एक बाजू राहिली. डेक्कनची विमानं उशिरा सुटायची आणि रद्द व्हायची, हा बोभाटा तेव्हा पेपरात रोज असायचा. स्वस्त म्हणून माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा वेळेसाठी येतो.

दाभोळकर_कॉर्नर

बरोबर आहे, नाकारत नाही. पण त्याचं मूळही वाढीतच आहे. स्वस्त कंपनीचं विमान दिवसभर उडत राहावं लागतं, जमिनीवर उभं राहिलं की मीटर फक्त खर्चाचा फिरतो. म्हणून उतरल्यावर अर्ध्या तासात परत उडवायचं. सकाळच्या पहिल्या फेरीला मुंबईत तासभर उशीर झाला की तोच उशीर दुपारी, संध्याकाळी, रात्रीपर्यंत गावोगाव पसरत जातो. मोठ्या कंपनीकडं एक-दोन जादा विमानं उभी असतात, ती मध्ये घालून गाडी रुळावर आणतात. डेक्कनचं प्रत्येक विमान कामाला जुंपलेलं, जादा काही नाही. इंडिगोनंही पुढं हेच गणित वापरलं, पण एकाच जातीची विमानं, ठरावीकच गावं, आणि शिस्त. डेक्कनकडं दोन आकाराच्या एटीआर आणि एअरबस, त्यांचे वैमानिक वेगळे, मेकॅनिक वेगळे, सुटे भाग वेगळे. एका जातीचा माणूस दुसरीकडं चालत नाही.

आर्टिकल_ताराबाईपार्क

काका, मनापासून आभार. ऑफिसात प्रिंट काढून वाचायला दिलंय. आता मल्ल्यांचं सांगा. तोटा त्यांनाही दिसत असणारच ना?

दाभोळकर_कॉर्नर

दिसत होता. पण त्यांना हवं होतं ते वेगळंच.

तेव्हा सरकारचा नियम असा: देशात पाच वर्षं विमानं चालवलेली हवीत आणि ताफ्यात वीस विमानं हवीत, तरच परदेशी उड्डाणाची परवानगी. किंगफिशर मे २००५ ची, म्हणजे मे २०१० पर्यंत थांबणं आलं. डेक्कन ऑगस्ट २००३ ची, म्हणजे ऑगस्ट २००८ ला पाच वर्षं पूर्ण. आता ओळीनं तारखा लावा. किंगफिशरचं बंगळूर-लंडन विमान उडालं सप्टेंबर २००८ मध्ये. डेक्कनची पाच वर्षं भरल्यानंतर महिनाभरात!

म्हणून मी म्हणतो की ५५० कोटी दिले त्यातला मोठा वाटा डेक्कनच्या वयाचा होता. लहान गावांच्या मार्गांमध्ये मल्ल्यांचा जीव नव्हता. तुमच्या कामाचा मुद्दा पुढं आहे. विलीनीकरण उलट्या बाजूनं झालं. शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी होती डेक्कन एव्हिएशन. किंगफिशरचा विमानाचा धंदा तिच्यात आणून ओतला आणि मग त्या डेक्कन एव्हिएशनचंच नाव बदलून किंगफिशर एअरलाइन्स केलं. परवाना जुन्या कंपनीचा राहिला, वय जुन्या कंपनीचं राहिलं, पाटी नवी. ज्यांनी २००६ मध्ये डेक्कनचे शेअर घेतले होते, त्यांच्या हातात आपोआप किंगफिशरचे शेअर आले, आणि २०१२ नंतर त्या कागदाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बँकांचेच हजारो कोटी अडकले, तिथं शेअरवाल्याला कोण विचारतो.

माझ्या मनाला लागतं ते वेगळं. किंगफिशर म्हणजे थाटामाटाची कंपनी, लाल गणवेश, जेवण, प्रत्येक सीटसमोर टीव्ही. डेक्कन म्हणजे घासाघीस करून उडणारी. दोन घरांच्या चाली जुळणाऱ्याच नव्हत्या. डेक्कनचं रेड केल्यावर स्वस्ताईही राहिली नाही आणि थाटही पुरा आला नाही. त्यात जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. कॉमन मॅनचं चित्र विमानावरून गेलं. ज्या लहान गावांना डेक्कननं जोडलं होतं, ती एकेक करून वगळली गेली. आपल्या कोल्हापूरचं किंगफिशरचं मुंबई विमानसुद्धा २०११ च्या अखेरीस थांबलं आणि मग उजळाईवाडीला कित्येक वर्षं रोजचं विमान नाही. राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केलेला विमानतळ, एवढी जुनी पुण्याई असलेला, आणि तिथं फक्त पुढाऱ्यांची आणि कारखानदारांची खासगी विमानं उतरायची.

गोपीनाथ पुढं मालवाहतुकीत उतरले, डेक्कन ३६० नावानं, तेही टिकलं नाही. २००९ मध्ये बंगळूर दक्षिणमधून लोकसभेला अपक्ष उभे राहिले, हरले.

धावपट्टी_गोकुळशिरगाव

दुसऱ्या एअर डेक्कनचं मी सांगतो. विमानतळाच्या अगदी जवळ कारखाना आहे आमचा आणि कामासाठी मुंबईला सारखं जाणं-येणं असतं, त्यामुळं हा विषय बारकाईनं पाळलाय.

ती जुनी कंपनी नाही. गोपीनाथांनी नाव परत आणलं आणि उडान योजनेत भाग घेतला. उडान म्हणजे लहान गावांसाठी केंद्राची योजना, पहिलं उड्डाण एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली. त्यात विमानातल्या साधारण निम्म्या सीटचं भाडं बांधून दिलेलं, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास. त्यात जो तोटा येईल तो सरकार भरून देणार, तीन वर्षं, आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कुणाला सोडणार नाही. महाराष्ट्रातले मार्ग डेक्कनला मिळाले: नाशिक, जळगाव, कोल्हापूर. कोल्हापूर-मुंबई २०१८ मध्ये सुरू झालं.

विमान होतं बीचक्राफ्ट १९००, दोन पंख्यांचं, अठरा-एकोणीस सीटचं. आत वाकून शिरायचं, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक सीट, त्यामुळं प्रत्येकाला खिडकी. वैमानिकाची पाठ दिसायची. उडाल्यावर उजव्या बाजूला पंचगंगेची वळणं आणि उसाचे पट्टे दिसले की बरं वाटायचं. पण धंदा म्हणून बघा. वैमानिक दोन लागतात, सीट अठरा असोत की एकशे ऐंशी. म्हणजे दोन पगार अठरा जणांवर वाटायचे. कंपनीकडं विमानंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, एक दुरुस्तीला गेलं की फेऱ्याच रद्द.

आणि सगळ्यात मोठी अडचण मुंबईची. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. दर मिनिट-दीड मिनिटाला एक विमान चढतंय किंवा उतरतंय. तिथं उतरायची वेळ म्हणजे सोनं. आपलं एकोणीस सीटचं विमान तेवढीच जागा अडवतं जेवढी दोनशे सीटचं, उलट ते हळू येतं, आणि मोठ्या विमानाच्या मागं त्याला जास्त अंतर सोडून यावं लागतं. विमानतळ चालवणाऱ्याला त्याच्याबद्दल प्रेम कसं वाटावं? सोयीची सकाळची वेळ लहान विमानाला मिळणं फार अवघड. दिवसाच्या मध्यावर मुंबईत पोचून उपयोग नसतो, तिथं हॉटेलचा मुक्काम पडतोच. त्यापेक्षा रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बरी, झोपून जायचं, सकाळी मुंबईत आणि दुसऱ्या रात्री परत.

त्यामुळं ती सेवा टिकली नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात कंपनीनं कामकाजच बेमुदत थांबवलं आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. तिथं दुसरी डेक्कनही संपली.

आर्टिकल_ताराबाईपार्क

म्हणजे दोन्ही वेळा प्रवासी नव्हते म्हणून बंद पडली असं नाही. मग कोल्हापूर-मुंबईचं आताचं विमान टिकेल की नाही, हे बाहेरच्या माणसानं कशावरून ओळखायचं? ताळेबंद तर आपल्याला मार्गानुसार मिळत नाही.

धावपट्टी_गोकुळशिरगाव

मध्ये २०१९ मध्ये ट्रूजेट येऊन गेली, तीही बंद पडली. ऑक्टोबर २०२२ पासून स्टार एअर आहे, आपल्याच घोडावत ग्रुपची. मोठा फरक असा की विमान जेटचं, पन्नासच्या आसपास सीटचं, आणि मालकाचं घर इथलंच आहे. धावपट्टी वाढून १९३० मीटर झाली, मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनलचं उद्घाटन झालं. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: वेळ बघा. सकाळी नऊच्या आत मुंबईत आणि संध्याकाळी सहानंतर परत, अशी जोडी रोज मिळाली, तर माझ्यासारखे कारखानदार गाडी घरी ठेवतील.

दाभोळकर_कॉर्नर

वेळेशी सहमत. मी दुकानदाराच्या नजरेनं आणखी सांगतो. आठवड्याचे किती दिवस उडतं ते बघा. आठवड्यातून तीन दिवसाच्या विमानाला गिऱ्हाईक बांधलं जात नाही, कारण माणसाचं काम मंगळवारी निघतं आणि विमान बुधवारी असतं. रोजचं असलं की पहिले सहा महिने रिकामं जाऊ दे, मग माणूस न विचारता येतो. हैदराबाद आणि बंगळूरचं आपलं विमान डिसेंबर २०१८ पासूनचं, ते का धरून राहिलं? तिरुपतीला जाणाऱ्यांपासून आयटीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना उपयोगी, आणि तिथल्या विमानतळावर मुंबईसारखी जागेची मारामारी नाही.

दुसरं, सरकारी मदतीची मुदत कधी संपते ती तारीख शोधून ठेवा. उडानचे मार्ग तीन वर्षांचे, त्यानंतर कंपनीनं स्वतःच्या जिवावर उडायचं असतं. मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत फेऱ्या कमी व्हायला लागल्या, तर समजा की मदतीशिवाय तो मार्ग त्यांना परवडत नाहीये. फेऱ्या तशाच राहिल्या किंवा विमान मोठं केलं, तर गिऱ्हाईक खरं आहे.

आणि सीनियरना एक गोष्ट विचारा. डेक्कन यायच्या आधी दुसऱ्या कुठल्या कंपनीनं एवढ्या लहान गावांना रोजचं विमान दिलं होतं? सरकारी वायुदूतनं प्रयत्न केला होता, ऐंशीच्या दशकात, सरकारच्या पैशावर. खासगी माणसानं, सरकारच्या पैशाशिवाय, एवढ्या मोठ्या प्रमाणावर केलं ते गोपीनाथांनी. उडान योजनेचा आराखडा डेक्कनच्या सुरुवातीच्या नकाशाशेजारी ठेवून बघा, हुबळी, बेळगाव असल्याच गावांची गोष्ट दोन्हीकडं आहे. तेव्हा तोटा भरून देणारी मदत नव्हती, आता आहे, एवढाच फरक.

आर्टिकल_ताराबाईपार्क

वायुदूतबद्दल वेगळा धागा काढतो. काका, तुमच्याकडं त्या काळातले डेक्कनचे छापील भावपत्रक किंवा वेळापत्रक असेल तर फोटो टाकाल का? ऑफिसात दाखवायचंय.

दाभोळकर_कॉर्नर

वेळापत्रक आहे, कपाटात शोधावं लागेल. रविवारी पुतण्याला सांगून स्कॅन करून टाकतो. वायुदूतचा धागा काढाच, आमच्या वडिलांच्या पिढीतले दोघे-तिघे त्या विमानानं गेलेत, त्यांना लिहायला लावतो.